पोट उलटून बघा! चिनी जेडचे मुठीत मावणारे प्राणी

शिंपला (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आपल्या छंद विभागात नाणी, पोस्टाची तिकिटं, अडकित्ते, जुनी कुलपं अशा सगळ्यांवर धागे आहेत. गेली सहा-सात वर्षं ज्या वस्तूंनी मला झपाटलंय त्यांच्यावर, म्हणजे चीनमध्ये जेड नावाच्या मौल्यवान दगडातून घडवलेल्या चिमुकल्या प्राण्यांवर, मात्र एकही नाही, म्हणून हा प्रपंच. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आम्ही हाँगकाँगला राहतो. इथे मोठ्या लिलावांच्या आधी काही दिवस सगळ्या वस्तू लोकांना बघायला खुल्या असतात. विचारलं तर कपाटातून काढून हातातही देतात, विकत घ्यायची ऐपत असो वा नसो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या बाईंनी आधी मला अंगठी आणि बांगडी काढून ठेवायला सांगितली, टेबलावर मऊ कापड पसरलं, वस्तू कापडापासून वीतभरापेक्षा वर उचलायची नाही असं बजावलं आणि माझ्या तळहातावर एक बसलेली म्हैस ठेवली.

जेमतेम नऊ सेंटिमीटर लांबीची. रंग राखाडीवर हिरवट झाक असलेला. आधी लागला तो गारवा, आणि मग वजन. एवढीशी वस्तू इतकी जड असेल असं वाटत नाही, हात नकळत खाली जातो. म्हैस रवंथ करायला बसावी तशी बसलेली, मान मागे वळवलेली, शिंगं पाठीला टेकलेली. दगडाची तांबूस साल कारागिराने नेमकी शिंगांपुरती राखली होती. पाठीवरून बोट फिरवलं तर कण्याचा मणका न् मणका लागत होता, आणि डोळ्यांना तिथे फक्त एक गुळगुळीत उंचवटा दिसत होता.

मग बाई म्हणाल्या, उलटी करून बघा.

पोटाखाली चारही खूर दुमडलेले, प्रत्येक खुराला मधली चीर. शेपूट मागच्या पायावरून पुढे आणलेली, तिचा गोंडा खुरांपाशी. त्या गोंड्यातल्या केसांच्या रेघासुद्धा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. टेबलावर ठेवलेल्या म्हशीची ही बाजू कुणालाच कधी दिसणार नाही. तरी पाठीइतकीच मेहनत पोटावर. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट घोकतेय आणि या धाग्यातही तीच सांगायचीय. हे प्राणी लांबून बघायला केलेले नाहीत, हातात घेऊन बसायला केलेले आहेत. त्यांचं अर्धं काम बोटांनीच वाचावं लागतं.

आता हे कुणासाठी केले ते सांगते. चिनी पंडिताच्या लिहायच्या मेजावर कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायची शिळा ही चार मुख्य साधनं. आपल्याकडे दौत-टाक जितका आदराचा, त्याहून काकणभर जास्तच मान तिथे या चौघांना. त्यांच्या जोडीला कुंचला टेकवायची बैठक, शाईत थेंब-थेंब पाणी सोडायची झारी, शिक्के आणि कागद दाबायची वजनं. कागद हलका, वाऱ्याने उडणारा, आणि कुंचला हातात उभा धरायचा. लिहिताना एक हात अडकलेला, दुसऱ्याने बाही सावरायची. मग कागद धरणार कोण? तर हे ससे, बैल आणि हरणं.

सूचौ शहरातल्या वेन झेनहेंग (१५८५–१६४५) या गृहस्थाने घर, बाग, फर्निचर, चहा, शाई यांत सुरुची कशाला म्हणावं यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'जास्तीच्या वस्तूंविषयी' असा होतो. त्यात कागदावरच्या वजनांची यादी आहे: जुन्या जेडचे ससा, बैल, घोडा, हरीण, मेंढी, बेडूक, दबा धरलेला वाघ, पंख असलेला एक काल्पनिक राखणदार प्राणी, पिल्लासह बिनशिंगी ड्रॅगन. हे सर्वांत जुन्या वळणाचे आणि अभिरुचीचे, असा त्याचा निर्वाळा. 'जुन्या' या शब्दावर बोट ठेवा. १६२०च्या दशकातल्या माणसाला नवा ससा नको होता. आपल्या आधीच्या हातांनी गुळगुळीत केलेला ससा हवा होता.

हा माणूस नुसता शौकीन नव्हता. १६४५ मध्ये चीन जिंकायला उत्तरेकडून उतरलेल्या मांचू सैन्याने सूचौ घेतलं तेव्हा त्याने अन्नत्याग करून जीव दिला. ते वाचल्यापासून त्याची ती सशा-बैलांची यादी मला वेगळ्याच नजरेने दिसते.

जेडचं वेड मात्र या लेखनमेजांपेक्षा कितीतरी जुनं. ईशान्य चीनमधल्या होंगशान संस्कृतीत पाच हजार वर्षांपूर्वी डुकराच्या तोंडाचे, वेटोळं घातलेले ड्रॅगन आणि कासवं घडवत होते. १९७६ मध्ये हनान प्रांतातल्या आन्यांगला फू हाओ या राणीची कबर सापडली. राजाची पत्नी आणि स्वतः सेनानी, काळ सुमारे इ.स.पू. १२००. त्या एका कबरीत जेडच्या ७५५ वस्तू निघाल्या. हत्ती, वाघ, अस्वल, पक्षी, मासे! त्यातल्या काही तिच्याही शेकडो वर्षं आधी घडवलेल्या होत्या, म्हणजे राणीसाहेबांकडेही 'जुन्या वस्तू' होत्याच. हत्ती बघून आश्चर्य वाटेल, पण त्या काळी तिथे हत्ती होते. आजच्या हनान प्रांताच्या जुन्या एकाक्षरी नावात हत्तीचं चिन्ह अजून आहे.

हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवत. पावसाळ्याच्या तोंडावर जंगल डोक्यावर घेणारा तोच किडा. तो जमिनीतून वर येतो आणि कात टाकून उडतो, म्हणून पुनर्जन्माची खूण. दोन्ही मुठींत जेडची डुकरं देत, रिकाम्या हाताने जायला नको म्हणून. हे सिकाडे आणि डुकरं अगदी मोजक्या रेघांत घडवलेली असतात. थोडेच धारदार फटकारे, की झाला प्राणी. चिनी जाणकार त्या शैलीला 'हान काळाचे आठ घाव' म्हणतात. मला स्वतःला मागच्या सगळ्या नजाकतीपेक्षा ही आठ घावांची डुकरं जास्त जवळची वाटतात.

बाकी चर्चेत बोलूच. प्रश्न विचारा, ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी जरूर सांगा.

पारिजात

शिंपलाताई, फार सुंदर लिहिलंयत. म्हैस डोळ्यांपुढे उभी राहिली. बाळबोध प्रश्न आहे, पण जेड हिरवं असतं ना? तुम्ही राखाडी म्हणताय, कुठेतरी पांढरंही वाचलं होतं.

गारगोटी

माझ्या विषयातला प्रश्न आला म्हणून लिहितो. नोकरीभर खडक आणि खनिजंच बघत आलो.

पारिजात, जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं आहेत. एक नेफ्राइट आणि दुसरं जेडाइट. दोन्ही वेगळी आहेत हे अलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये दाखवून दिलं. दागिन्यांच्या दुकानात दिसणारं पोपटी-हिरवं असतं ते बहुतेक जेडाइट, ब्रह्मदेशातलं. चीनमध्ये ते भरपूर यायला लागलं अठराव्या शतकात. त्याआधीची हजारो वर्षं चिनी जेड म्हणजे नेफ्राइट, आणि ते पांढरं, राखाडी, पिवळसर, पालकासारखं गडद हिरवं, अगदी काळंसुद्धा असतं. सर्वांत मोलाचं पांढरं. चिनी लोक त्याला मेंढीच्या चरबीची उपमा देतात. आपल्या भाषेत थिजलेल्या लोण्यासारखं म्हणू. चकाकत नाही, आतून उजळल्यासारखं दिसतं.

नेफ्राइटचा काठिण्यांक ६ ते ६.५ (हिऱ्याचा १०). म्हणजे पोलादी सुरीने ओरखडा उठत नाही, पण गारेपेक्षा ते मऊच. मग त्याचं एवढं कौतुक का? कारण त्याचा चिवटपणा. आत सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, नमदा जसा दाबून बनवतात तसे. हिरा काठिण्यात सर्वांत वर, पण नेमक्या दिशेने ठोकला तर दुभंगतो. नेफ्राइटला ठोकून फोडणं महाकठीण. म्हणूनच शिंपलाताईंनी सांगितलेला तो गोंडा, केसाएवढ्या रेघा, पातळ कान शतकानुशतकं टिकतात.

आणि एक शब्द दुरुस्त करतो, राग मानू नका. आपण 'कोरीव' म्हणतो, पण जेड कोरता येतच नाही. छिन्नी चालत नाही. ते घासावं लागतं. पायांनी खालीवर दाबून फिरवायचा आडवा दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी चकती, आणि चकती व दगड यांच्यामध्ये ओली रेती सतत सोडत राहायची. कापते ती रेती, चकती नुसती फिरवते. रेती गारेची, गार्नेटची किंवा कुरुंदाची. आपल्याकडे धार लावायला कुरुंदाचे दगड असतात, त्यातलाच कुरुंद. भोक पाडायचं तर पोकळ नळी आणि तीच ओली रेती, एका बाजूने अर्धं आणि उलटून दुसऱ्या बाजूने अर्धं. एका मुठीएवढ्या प्राण्याला किती दिवस जात असतील याचा विचार करा.

चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात एक ओळ आहे, दुसऱ्या डोंगरावरच्या दगडांनी जेड उजळता येतं अशा अर्थाची. परक्याकडून शिकावं या अर्थाने ती आजही म्हणीसारखी वापरतात. मुळात ती कारखान्यातली साधी वस्तुस्थिती आहे.

शिंपला (धागाकर्ती)

गारगोटीजी, राग कसला, हेच हवं होतं. यापुढे 'घासलेले' म्हणेन.

तुमच्या माहितीला एक जोड देते. ते पांढरं नेफ्राइट यायचं खोतानहून, तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेला. कुनलुन पर्वतातून तिथे दोन नद्या उतरतात, एकीचं नाव श्वेत जेड नदी आणि दुसरीचं कृष्ण जेड नदी. उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर येतो, डोंगरातले दगड गडगडत खाली येतात, आणि पाणी ओसरलं की लोक नदीत उतरतात. अनवाणी रांगेने चालत पायांनी दगड चाचपायचे, अशी वर्णनं आहेत. सोंग यिंगशिंगने १६३७ मध्ये छापलेल्या तंत्रविषयक ग्रंथात चांदण्यात नदीत उतरून जेड शोधणाऱ्या स्त्रियांचं चित्रही आहे. म्हणजे शोधतानाही आधी स्पर्श.

नदीतल्या अशा गोट्याला बाहेरून लोहाची तांबूस साल चढलेली असते. चांगला कारागीर गोटा हातात घेऊन आधी बघत राहतो, यात कुठला प्राणी आधीच बसलेला आहे. साल वाया घालवायची नाही. त्यातून सशाचे कान, कोंबड्याचा तुरा, मांजराच्या पाठीवरचे ठिपके काढायचे. दगड महाग, म्हणून गोट्याचा आकारही शक्यतो राखायचा. हे सगळे प्राणी अंग चोरून, पाय पोटाशी घेऊन का बसलेले असतात याचं एक कारण हेच.

शब्दवेडा

धागा उत्तम. मला एक कुतूहल आहे. प्राण्यांची निवड कशी ठरते? बैल, मेंढी ठीक. पण काही चित्रांत घोड्याच्या पाठीवर माकड बसलेलं दिसलं. यामागे काही कथा आहे का?

शिंपला (धागाकर्ती)

शब्दवेडाजी, कथा नाही, श्लेष आहे! तुमचं नाव बघता हा प्रश्न तुमच्याकडूनच यायला हवा होता.

चिनी भाषेत एकाच उच्चाराचे ढीगभर शब्द. माकड म्हणजे 'हौ' आणि सरदारकीची एक पदवी तीही 'हौ'. 'मा शांग' म्हणजे घोड्यावर, आणि बोलीत त्याचाच अर्थ ताबडतोब. म्हणून घोड्यावरचं माकड म्हणजे 'तुम्हाला लवकरात लवकर सरदारकी मिळो'. परीक्षेला बसलेल्या किंवा नवी नेमणूक झालेल्या माणसाला द्यायची भेट.

हरीण 'लू', सरकारी वेतनही 'लू'. वटवाघूळ 'फू', सौभाग्यही 'फू', त्यामुळे आपण ज्याला अपशकुनी मानतो ते वटवाघूळ तिथे पाचाच्या संख्येने आनंदाने कोरतात... चुकले, घासतात. मांजर 'माओ' आणि फुलपाखरू 'दिए'. दोन्ही मिळून ऐंशी-नव्वद वर्षांच्या वयाला जो शब्द आहे त्याचा उच्चार होतो, म्हणून वयस्कर माणसाच्या वाढदिवसाला फुलपाखरामागे लागलेलं मांजर. तीन मेंढ्या एकत्र असतील तर वसंताच्या आगमनाची शुभेच्छा, कारण मेंढी 'यांग' आणि यिन-यांगमधलं उजेडाचं, उबेचं तत्त्वही 'यांग'. पाठीवर कलश घेतलेला हत्ती म्हणजे राज्यात शांतता.

पण हे श्लेषाचं पीक मुख्यतः मिंग (१३६८–१६४४) आणि त्याहून जास्त छिंग (१६४४–१९१२) काळातलं. सोंग काळातले (९६०–१२७९) म्हणून जे प्राणी मानले जातात त्यांत बरेचदा काहीच सांगायचं नसतं. कुत्रा पंजांवर हनुवटी टेकून झोपलाय, बस्स. बरगड्या किंचित दिसतात. मला ते जास्त आवडतात. श्लेष कळला की वस्तू थोडी संपते, झोपलेला कुत्रा संपत नाही.

मेघदूत७

लेखन आवडलं हे आधी नमूद करतो, कारण पुढे जे लिहितोय ते टीका वाटेल.

या वस्तूंचा मोठा भाग कबरींतून आला. संशोधकांनी खणलेल्या थोड्या, लुटारूंनी उकरलेल्या भरपूर. दुसरं म्हणजे ब्रह्मदेशातल्या जेडाइटच्या खाणी. २ जुलै २०२० रोजी फाकांतला मातीचा डोंगर कोसळून १७० हून जास्त माणसं गाडली गेली. टाकाऊ मातीत जेडचे तुकडे वेचायला आलेले गरीब लोक होते ते. इतकी किंमत देऊन मेजावर ससा ठेवावा का, हा प्रश्न मला पडतो. उत्तर माझ्याकडे तयार नाही, पण प्रश्न धाग्यावर असायला हवा.

शिंपला (धागाकर्ती)

मेघदूतजी, प्रश्न धाग्यावर हवाच. फाकांतची बातमी आली त्या आठवड्यात इथल्या जेड बाजारातून जाताना पाय जड झाले होते. नवीन जेडाइट मी घेत नाही, दागिनाही नाही.

कबरींचं म्हणाल तर मी स्वतःपुरता एक नियम पाळते. सिकाडा, मुठीतली डुकरं, जे काही मृतदेहासोबत ठेवायला केलेलं होतं ते विकत घ्यायचं नाही. संग्रहालयात बघायचं. लेखनमेजावरच्या वस्तूंची गोष्ट थोडी वेगळी, त्यांतल्या बऱ्याच या हातातून त्या हातात जमिनीवरूनच आल्या. पण हे कागदोपत्री सिद्ध होणं महत्त्वाचं. अमुक साली अमुक लिलावात विकली, जुन्या सूचीत फोटो आहे, अशी साखळी नसेल तर मोह आवरायचा.

चोरीचाही प्रश्न आहेच. एप्रिल २०१२ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातून १८ चिनी वस्तू गेल्या, बहुतेक मिंग आणि छिंग काळातलं जेड. चोरांना शिक्षा झाल्या, वस्तू मिळाल्या नाहीत. मुठीत मावणारी वस्तू लपवणंही सोपं. कुठल्या कपाटात, कुठल्या अंधारात पडून असतील कोण जाणे. चोरीला गेलेल्या त्या वस्तूंच्या सूचीतले फोटो मी अजून अधूनमधून काढून बघते.

काळाघोडा_फेरी

मुंबईकरांसाठी सांगते, यासाठी हाँगकाँग गाठायची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, त्यात जेडही आहे. शाळेच्या सहली तिथून पळत जातात. एखाद्या आडवारी सकाळी जा, गर्दी नसते.

आणि आपल्याकडचं जेड विसरू नका. मुघलांनीही खोतानचंच नेफ्राइट वापरलं. शाहजहानचा १६५७ सालचा पांढरा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खाली कमळ, मधला भाग अर्ध्या भोपळ्यासारखा, आणि निमुळता होत त्याचं टोक बोकडाच्या मुंडक्यात संपतं. जेडचा ताईत छातीवर बांधला की हृदयाची धडधड कमी होते असाही समज होता, अशा ताइतांना हौलदिली म्हणत.

प्राण्यांचा विषय आहे म्हणून, ब्रिटिश म्युझियममधलं अलाहाबादचं कासव! १८०३ मध्ये तिथल्या एका तलावाच्या खोदकामात सापडलं. एकाच दगडातलं, सुमारे ४८ सेंटिमीटर लांब, वजन ४० किलोच्या वर. इतकं हुबेहूब की प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना गंगेत सापडणारी नेमकी जात ओळखता आली. मुठीत मावणार नाही, पण बघितल्यापासून डोक्यातून जात नाही.

शिंपला (धागाकर्ती)

व्वा, कासव आणलंत, खूप आनंद झाला! यात उलटा प्रवासही आहे. चीनच्या चिएनलुंग बादशहाने १७५९ मध्ये खोतानसह तो सगळा मुलूख जिंकला आणि दरबारात जेडचा ओघ सुरू झाला. त्याच सुमारास मुघल जेडही त्याच्यापर्यंत पोचलं. कागदासारख्या पातळ कडा बघून तो इतका हरखला की 'हिंदुस्थानी' जेडवर त्याने कविता लिहिल्या आणि त्या वस्तूंवर कोरवूनही घेतल्या. या बादशहाने लहान-लहान कप्प्यांच्या पेट्या करवल्या होत्या. एकेका कप्प्यात एकेक चिमुकली वस्तू, तिच्याच मापाचा खड्डा करून बसवलेली. तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात त्या आहेत. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी संध्याकाळी एक कप्पा उघडून मुठीत मावणारं काहीतरी बाहेर काढत असेल, हे चित्र माझ्या मनात पक्कं बसलंय.

सुरंगी

मी फक्त वाचणारी, कधी लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

आमचे आजोबा बोटीवर होते, १९५० नंतरची वीसेक वर्षं. रत्नागिरीच्या घरी त्यांनी हाँगकाँगहून आणलेला एक दगडी कुत्रा आहे. साधारण सात सेंटिमीटर, फिकट हिरवा, एका बाजूला तपकिरी डाग. आम्ही सगळी नातवंडं त्याच्याशी खेळलो. तोंडात काहीतरी धरलंय, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं. आजोबांच्या टेबलावर लाइटबिलं आणि पत्रं त्याच्याखाली असायची. तो जेडचा असेल का? कसं कळेल? विकायचा मुळीच नाही, फक्त जाणून घ्यायचंय.

गारगोटी

सुरंगीताई, घरच्या घरी एक चाचणी होते, वस्तूला धक्काही लागत नाही. दागिन्यांचा छोटा वजनकाटा मिळवा. आधी कुत्र्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. कुत्रा बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा, दोरा हातात धरून. आता जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. नेफ्राइट असेल तर उत्तर २.९ ते ३.१ च्या आसपास येतं, जेडाइट ३.३. सर्पेंटाइन नावाचा दगड जेड म्हणून सर्रास विकतात, तो २.६ च्या जवळपास. काचही साधारण २.५.

सुरीने ओरखडून बघा असं लोक सांगतील, ते करू नका.

सुरंगी

भावाने सोनाराकडून काटा आणला. कोरडं वजन ८१.२ ग्रॅम. पाण्यातही ८१ च आलं. म्हणजे काय?

गारगोटी

म्हणजे तो पेल्याच्या तळाला टेकला. टेकला की सगळं वजन काट्यावर येतं. तळाला आणि काठाला न लागता लोंबकळत राहायला हवा. बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने काढा.

सुरंगी

पुन्हा केलं. आई दोरा धरून, भाऊ आकडा वाचायला. २७.६.

गारगोटी

८१.२ भागिले २७.६ म्हणजे २.९४. ताई, तुमच्या आजोबांनी नेफ्राइट आणलंय. सुरीला न जुमानण्याइतका दगड कठीण आहे हे मी आकड्यावरून सांगू शकत नाही, पण तुम्ही वर्णन केलेला रंग आणि हा आकडा जुळतात. माझी खात्री झाली.

मेघदूत७

इथे सकाळपासून पान ताजं करत बसलो होतो. अभिनंदन!

शिंपला (धागाकर्ती)

सुरंगीताई, मनापासून आनंद झाला. आता वयाबद्दल बोलते, आणि ते सांभाळूनच बोलायला हवं.

दगड खरा असणं आणि वस्तू जुनी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी हे पैसे मोजून शिकले. इथल्या एका दुकानदाराने मला 'मिंग काळातली' म्हणून एक मेंढी दिली. दगड उत्तम नेफ्राइट. घरी येऊन भिंगाखाली लोकरीच्या रेघा बघितल्या तर सगळ्या एका रुंदीच्या, कडा धारदार. गारगोटीजींनी सांगितलेल्या चकतीने पाडलेली रेघ तशी नसते. चकती गोल असल्यामुळे रेघ केसासारखी सुरू होते, मध्ये रुंद आणि खोल होते, पुन्हा केसासारखी होऊन संपते. माझ्या मेंढीच्या रेघा हिऱ्याच्या टोकाच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या होत्या. तपकिरी सालही रंगवलेली. रंग बारीक भेगांत साचून तिथे गडद झाला होता. आणि पोट? पोट सपाट. चार पायांच्या जागी चार खाचा. पोट आधी बघितलं असतं तर दुकानातच कळलं असतं.

म्हणून तुम्हाला विनंती, पोटाकडून, तोंडाकडून आणि डोक्याच्या मागून नीट बघून सांगाल का? शक्य असेल तर डोळे मिटून बोट फिरवून. मला त्या फुलकोबीबद्दल शंका येतेय.

सुरंगी

पोटाखाली चार पाय आहेत, पुढचा एक थोडा बाहेर. खुरांना चीर आहे. शेपूट अगदी आखूड. रेघा मधे जाड, टोकांना बारीक आहेत, भाऊ म्हणतो सगळ्या नाही पण बऱ्याच.

शिंपला (धागाकर्ती)

कुत्र्याला खूर नसतात, ताई!

तोंडातली ती फुलकोबी म्हणजे लिंगझी, अमरत्वाची अळंबी. चिनी कथांत ती शोधून काढणारा प्राणी म्हणजे हरीण. आखूड शेपूट, चिरलेले खूर, तोंडात अळंबी. दीर्घायुष्य आणि 'लू', दोन्ही शुभेच्छा एकाच प्राण्यात. तुमच्या घरी कुत्रा नाही, बसलेलं हरीण आहे.

वय मी फोटोशिवाय, आणि खरं तर हातात घेतल्याशिवाय, सांगणार नाही. पायाने फिरवायची चकती विसाव्या शतकातही चालत होती, तेव्हा रेघांवरून फार जुनं ठरवता येत नाही. परदेशी खलाशांना आणि प्रवाशांना विकायला असे प्राणी भरपूर घडवले गेले. उलट पुरावा मिळेपर्यंत मी त्याला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं धरून चालेन. कधी शंभरीच्या पुढचं निघालं तर एक लक्षात ठेवा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ते मग देशाबाहेर नेता येणार नाही. रत्नागिरीतच राहू द्या.

शब्दवेडा

पण शिंगं? हरणाला शिंगं हवीत ना? की मादी आहे?

सुरंगी

आईनेही हेच विचारलं, शिंगं कुठायत मग. आम्ही परत टेबलावर घेतलं, दिवा जवळ आणला. डोक्यापासून मानेवर मागे दोन चपट्या पट्ट्या टेकलेल्या आहेत, त्यांना आम्ही इतकी वर्षं कान समजत होतो. आईने डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हणाली, यांना फाटे आहेत. कान त्यांच्या खाली वेगळे आहेत, अगदी छोटे, पट्टीला चिकटलेले. दिसत नाहीत, नखाला लागतात.